आत्याबाईच्या वजनाची कमान

आमच्या मोटारगाडीत आत्याबाईची जागा ठरलेली होती. मागच्या बाकावर, डाव्या दाराला टेकून. ही जागा तिला मानानं मिळाली नव्हती, वजनानं मिळाली होती, आणि ही गोष्ट घरात कोणी लपवतही नसे. गाडीची मागची उजवी कमान बसली होती. कमान म्हणजे चाकावर एकीवर एक बांधलेल्या वाकड्या लोखंडी पट्ट्या, टांग्याला असतात तशाच. बाबांनी गाडी घेतली तेव्हापासून तिचं उजवं मागचं दार उघडत नसे. म्हणून बाबांच्या धंद्यातली लाखेची पोती डाव्या दारातून आत लोटायची आणि उजवीकडे रचायची. बाबा स्वतः पुढं उजवीकडे बसत, आणि बाबा काही बारीक नव्हते. दोन वर्षांत ती कमान अशी बसली की गाडी एका कुशीवर झोपल्यासारखी चालायची आणि मडगार्ड चाकाला घासायचं. परवा माझा नातू अंगणात चटई टाकून स्वतःच्या गाडीखाली घुसला होता. म्हणाला, आजी, स्ट्रट गेलेत, म्हणजे हल्लीच्या गाड्यांच्या कमानीच, घरीच बदलतोय. मी विचारलं, कोणाला बसवून मापलं रे. तो हसला. हसू दे, त्याला कुठं माहीत आहे.

बाबांनी आधी सगळे उपाय करून पाहिले. डावीकडे धानाचं पोतं ठेवलं, ते वळणावर सरकून उजवीकडे आलं आणि गाडी आणखीच झुकली. मग जात्याची खालची तळी ठेवली, तिनं बाक फाडला. मायनं आठ दिवस शेजारच्या जात्यावर दळलं आणि आठही दिवस बाबांशी बोलली नाही. मग एकदा आत्याबाईची दाढ सुजली. तिला तिरोड्याला दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून ती डावीकडे बसली, आणि गाडी गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत एकदाही घासली नाही. बाबांनी नाल्यात गाडी थांबवली, खाली उतरले, मागून पाहिलं, पुढून पाहिलं. म्हणाले, "बाई, हालू नको. अशीच बसून राय." दाढ काढून ती परत आली तेव्हा तोंडात कापूस होता आणि घरात तिची किंमत बदललेली होती.

आत्याबाई म्हणजे बाबांची मोठी बहीण. बारा-तेराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं तशी माहेरी परत आली ती कायमचीच. सौंदडचं स्टेशन आमच्या गावापासून दीड कोस, पण वीस वर्षांत तिनं आगगाडी दुरूनच ऐकली होती, पाहिली नव्हती. घरात तिच्यावाचून पान हलत नसे. लाखोळीच्या डाळीचे वडे तिच्याच हातचे. ते जात्यावर भरडतानाचा आवाज ऐकून आम्ही आज सण आहे की पाहुणे आहेत हे ओळखायचो. पण दारात मंगलाची गोष्ट आली की कोणीतरी हळूच म्हणायचं, "बाई, जरा आत बसजो." आणि ती आत बसायची. तिला कोणी छळत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. फक्त आत बसवत होतं. आज मी ऐंशी पार केल्यावर मला त्याचा जेवढा राग येतो तेवढा तेव्हा येत नव्हता, हे कबूल करते. तेव्हा मला वाटायचं, आत्या म्हणजे आत बसणारीच असते.

दाढेनंतर मात्र आत्याबाईशिवाय गाडी निघेना. गोंदियाचा बाजार, तिरोड्याची सोयरीक, लाखेचा सौदा, कुठंही जायचं असलं तरी बाबा आधी ओरडायचे, "बाई बसली का?" ती बसायची. गाडीसाठी तिनं वेगळ्या चपला केल्या होत्या, त्या पायात घालायची नाही, पायाशी ठेवायची. कमरेला सुपारीची चंची असायची. घरात ती सुपारी खात नसे, बाईमाणसानं, त्यात तिच्यासारखीनं, ते शोभत नाही म्हणून. गाडी नाल्यापलीकडे गेली की अडकित्ता वाजायचा, आणि बाबांना तो ऐकू यायचा नाही. एकदा गोंदियाला साखरपुडा होता. मुलाकडची एक म्हातारी गाडीतून उतरणाऱ्या पांढऱ्या लुगड्याकडे पाहून बाबांना म्हणाली, "अशा कामाले हिले कायले आनलं?" बाबा म्हणाले, "ते मानूस म्हनून नाही आली जी. कमान म्हनून आली." म्हातारीला काही कळलं नाही. पण कमानीला ओवाळणीच्या वेळी आत बसवायचा रिवाज कोणालाच ठाऊक नव्हता, त्यामुळे आत्याबाई अंगणात पहिल्या रांगेत बसली आणि तिनं सगळा साखरपुडा पाहिला. परत येताना ती पोट धरून हसत होती आणि तिच्या हसण्यानं गाडी हलत होती. "सुमे," मला म्हणाली, "लोखंड झाली तं बरंच झालं वो." मीही हसले. गाडीत सगळेच हसले, बाबा सोडून.

ही चैन तीन वर्षं टिकली. त्या वर्षी दिवाळी तोंडावर आली होती. सौंदडच्या रेल्वे फाटकात गाडी आपटली आणि उजव्या कमानीची मोठी पट्टी कडाडून तुटली. गाडी बैल लावून घरी आणली. बैलांना त्यात काही विशेष वाटलं नाही, पोळ्याला ती त्यांच्याच रांगेत तोरणाखाली उभी असायची, अंगावर झूल घालून. गोंदियाच्या कारखानदारानं सांगितलं, नवीन कमानी मागवाव्या लागतील, चार महिने तरी लागतील. बाबांना चार महिने चालणार नव्हते. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दुकानं, पाळणे, रात्रभर दंडारीचा नाच आणि नाटक. सौंदडच्या मंडईला बाबा स्वतःच्या गाडीतून गेले नाहीत असं झालं तर त्यांच्या मते लोकांनी त्यांना मेलेलं समजलं असतं. ते म्हणाले, "घरचं काम घरीच करू. टांग्याच्या कमानी बनवनारा सुकराम मिस्त्री आहे ना. टांगा काय आन गाडी काय, घोडा तेवढा अलग." आणि दोन्ही बाजूंच्या कमानी नव्या करायच्या ठरल्या, म्हणजे गाडी एकदम सरळ.

गाडी सरळ होणार म्हटल्यावर मायनं तिच्या भावजयीला, माझ्या मामीला, मंडईचं बोलावणं धाडलं. तिचं काही चुकलं नाही. तिच्या माहेरचं कोणी त्या गाडीत कधी बसलंच नव्हतं, जागाच नसायची. रात्री भात वाढता वाढता ती बाबांना म्हणाली, "आता वजनाचं काई काम नाई ना. वहिनी बसन डावीकडं. बाई घरी राहीन, घर उघडं कसं टाकाचं?" बाबा जेवत राहिले. आत्याबाई चुलीपाशी होती. दुसऱ्या दिवशी डाळीत मीठ नव्हतं, तिसऱ्या दिवशी दुप्पट होतं. माझ्या समजुतीत आत्याबाईच्या हातून मीठ चुकलं ते त्याच दोन दिवशी. त्या वर्षीच्या मंडईत जे नाटक होणार होतं त्याची जाहिरात गावात वाजत गेली तेव्हा ती दारात उभी राहून ऐकत होती. मागच्या वर्षीच्या नाटकातला राजा तिला इतका आवडला होता की गाईला चारा टाकताना ती त्याची वाक्यं म्हणायची. मी विचारलं, "आत्याबाई, तू बाबांशी बोल ना." ती म्हणाली, "काय बोलू? गाडी वाकडी राहू दे म्हनू?"

सुकराम मिस्त्री गोंदियाहून आला तो भाता, ऐरण आणि स्वतःची चहाची किटली घेऊन. बोलायचा हिंदी, शिव्या छत्तीसगढीतून द्यायचा, तेही फक्त लोखंडाला. गाडीचं बूड बैलबंडीच्या जुवाड्यांनी, म्हणजे जोखडांनी, उचललं आणि खाली चार उखळं पालथी घातली. घरातली दोन होती, दोन मागून आणली. त्यामुळे तीन घरांचं कांडण बंद पडलं, आणि ज्यांचं कांडण बंद पडलं ते सगळे काम कुठवर आलं हे पाहायला आमच्याच अंगणात येऊन बसले. कमानीच्या बोल्टांना इतका गंज होता की बाबा आणि मिस्त्री पाळीपाळीनं त्यांवर सकाळभर घण घालत होते. बोल्ट निघाले, पट्ट्या सुट्या झाल्या. मिस्त्रीनं त्या ओसरीवर उंचीनुसार मांडल्या आणि एकेकीवर हातोडी मारून कान देऊन ऐकू लागला. चांगली पट्टी टणकन वाजते, मेलेली थप्प करते. मायला स्वयंपाकघरात जायचं तर त्या सगळ्या ओलांडाव्या लागत. ती जाता येता पुटपुटायची, "माझ्या घरात लोखंडाले ओसरी, आन मानसं मागच्या दारानं."

तापलेली पट्टी तेलात विझवावी लागते. कुठलं तेल, तर मिस्त्री म्हणाला, घर में जो हो. घरात वर्षाचं जवसाचं तेल होतं. मायला विचारायचं धाडस नव्हतं म्हणून बाबांनी पिंप स्वतःच बाहेर नेलं. लालबुंद पट्टी तेलात गेली आणि सगळ्या आळीवर तळणाचा वास पसरला. मग काय, कोपऱ्यापलीकडची माणसं हात धुऊनच आली. दिवाळीच्या दिवसांत एवढं तळण चाललंय म्हणजे पंगत असणारच. अंगणात पंधरा-वीस माणसं बसली आणि कोणी उठेना. "वास आला आन वडा नाई, असं कसं चालन?" असं एका म्हाताऱ्यानं सरळ विचारलं. शेवटी आत्याबाईनं लाखोळीची डाळ भिजत घातली आणि संध्याकाळी ज्या तेलात कमानी विझल्या त्याच तेलात, गाळून, वडे तळले. लोकांनी बोटं चाटून खाल्ले. एक जण म्हणाला, जरा लोखंडाचा वास येतो, पण अंगाला चांगला.

खरी गंमत मापाची. सुकराम मिस्त्रीच्या घराण्यात रिकामी कमान मापायची पद्धतच नव्हती. टांग्याची कमान बसवली की ज्या सवाऱ्या रोज बसतात त्यांनाच बसवायचं, मग वर पाण्याचं भांडं ठेवायचं. पाणी सगळ्या काठांना सारखं लागलं तर कमान पास. "खाली गाडी तो खटिया है," तो म्हणायचा. मायनं परात दिली, पाणी दिसावं म्हणून त्यात हळद कालवली. परात गाडीच्या नाकावर ठेवली आणि पाणी वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा पंधरा-सोळाची, अंगानं काडी. मिस्त्री म्हणाला, "बिटिया का वजन तो बीड़ी बराबर है, बाहर खड़ी रहे." बाकी सगळे आत. बाबा पुढं, माय मागं मधे. आणि आत्याबाई तिच्या सवयीनं डावीकडे जाऊन बसली, चपला पायाशी ठेवल्या. गाडी उखळांवरून आधीच उतरवली होती. अंगणात एक गाडी उभी, इंजिन बंद, कुठंही जायचं नाही, आणि आत तीन माणसं समोर बघत गंभीर बसलेली. आळीतली माणसं चहूबाजूंनी पाहत होती. एका बाईनं मायला खिडकीतून विचारलं, "कवा निंगता?" माय म्हणाली, "निंगून नाई राहिलो. बसून राहिलो."

पाणी डावीकडे गेलं. मिस्त्रीनं विचारलं, सगळे आपापल्या जागी आहेत का. माय म्हणाली, "हाव, जो तो आपल्या जागी आहे." मिस्त्रीनं मान हलवली, डावी कमान कमजोर, तिला एक पट्टी जास्त लागेल. आणि तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडला. कमजोर काहीच नव्हतं. दोन्ही कमानी सारख्या होत्या. आत्याबाई तिथं बसायची ती उजवी कमान मेली होती म्हणून. आता उजवी जिवंत झाली होती, म्हणजे आत्याबाईला खाली उतरवून पाणी पाहायला हवं होतं. एवढी साधी गोष्ट. मी तोंड उघडलं. आत्याबाई खिडकीतून माझ्याकडेच पाहत होती. तिनं अजून सुपारी काढली नव्हती, चंची हातात नुसती धरली होती. बाबांनी विचारलं, "सुमे, पानी कोठी जाऊन राहिलं? नीट सांग." मी म्हटलं, "डावीकडं, बाबा." आणि तोंड मिटलं. खोटं एक अक्षर बोलले नाही. पण त्या दिवसानंतर मी पुष्कळ खोटं बोलले आहे, आणि त्यातलं एकही मला एवढं जड गेलं नाही.

बाबा खाली उतरले. परातीकडे आले, पाण्यात बोट बुडवलं, तेच हळदीचं बोट गाडीच्या कपाळाला लावलं. आत्याबाईकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, आता ते ओळखणार. पण ते मिस्त्रीला म्हणाले, "टाक पट्टी." मग पुन्हा उखळं, पुन्हा घण, पुन्हा भाता, पुन्हा तेल. पुन्हा लोक वड्यांसाठी आले. तिसऱ्या दिवशी तीच माणसं त्याच जागी बसली, आणि पाणी परातीच्या काठाला चहूकडून सारखं लागलं. मी सांगितलं, सरळ आहे. नारळ फुटला. सगळे खाली उतरले. आत्याबाई सर्वात शेवटी उतरली, आणि ती उतरल्याबरोबर गाडीची डावी बाजू हळूहळू वर गेली आणि गाडी उजवीकडे झुकली. तीन दिवस, तेलाचं एक पिंप, चार उखळं, आणि गाडी जशी होती तशीच.

बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "मिस्त्री, हे काय आहे?" मिस्त्री किटलीतून चहा ओतत होता. "बराबर है सेठ. बैठनेवाले उतर गये." बाबा म्हणाले, "अरे पन गाडी वाकडी आहे ना." तो म्हणाला, "खाली गाडी में किसको जाना है? जब जाओगे, बैठ के जाओगे. बैठोगे तो सीधी है." एक म्हातारा म्हणाला, बोलणं तं खरं आहे. मिस्त्री चहा प्यायला, भाता बांधला आणि संध्याकाळच्या आगगाडीनं गेला.

मंडईच्या दिवशी मामी आली, नवं लुगडं नेसून. मामी म्हणजे वाऱ्यानं उडेल अशी. तिला डावीकडे बसवलं आणि गाडी उजवीकडे झुकलेलीच राहिली. मामी घसरत घसरत न उघडणाऱ्या दाराला जाऊन लागली. मायनं तिला पुन्हा डावीकडे सारलं, ती पुन्हा घसरली. मडगार्ड घासलं. बाबा सुकाणू धरून समोर पाहत होते. शेवटी मायच खाली उतरली आणि चुलीपाशी गेली. "बाई, चालता ना?" आत्याबाई भाकरी थापत होती. "मी? अन घर उघडं कसं टाकाचं वो?" माय म्हणाली, "कुलूप लावीन." "आन गाईचा चारा?" "टाकून ठेवला." "मले काई हौस नाई," आत्याबाई म्हणाली, "पन तुमची अडचन होऊन राहिली तं येतो बापा." आणि हात धुवायला वळली तेव्हा मी पाहिलं, चपला चुलीमागं पुसून तयार ठेवलेल्या होत्या. मामी मधे बसली, मी मायच्या मांडीवर, आणि गाडी सरळ निघाली. नाला ओलांडला आणि अडकित्ता वाजला. त्या रात्री राजा स्टेजवर आला तेव्हा आत्याबाई सर्वात पुढं बसली होती, आणि मामीच्या ओटीत सुपारीची खांडं पडत होती.

पुढं सात वर्षं ती त्या जागेवर बसली. माझं लग्न झालं, मला सोडायला ती आली, कारण तिच्याशिवाय गाडी निघणारच नव्हती. मांडवातून कोणी तिला आत बसजो म्हणालं नाही. त्या पट्टीची गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. मला वाटायचं, हे पाप एकटीचं आहे आणि एकटीनंच सांभाळायचं आहे. तशी मी फार मानी होते त्याबद्दल.

आत्याबाई पावसाळ्याच्या शेवटी गेली, दोन दिवसांच्या तापात. मी तेरवीला माहेरी आले. पंगती उठल्या होत्या आणि सुकराम मिस्त्री अंगणात येऊन उभा राहिला. कोणी बोलावलं नव्हतं. केस पांढरे झाले होते, हातात पान्यांची पिशवी होती. मी ओसरीवर पत्रावळी गोळा करत होते. गाडी पलीकडे उजवीकडे झुकून उभी होती. मिस्त्री बाबांना म्हणाला, "सेठ, वो एक पट्टी निकाल दूं? घंटे भर का काम है." बाबांनी कोणती पट्टी म्हणून विचारलं नाही. त्यांनी गाडीकडे पाहिलं. "राहू दे," म्हणाले. मी माझ्या हातातल्या पत्रावळी खाली ठेवल्या. सात वर्षं मी एकटीनं सांभाळलेलं ते सगळ्यांनीच सांभाळलं होतं, आणि मला कोणी सांगितलं नव्हतं.

मिस्त्री जेवला आणि बाबा त्याला स्टेशनावर सोडायला निघाले. मागं डावीकडे कोणी बसलं नाही, मिस्त्रीही पुढंच बसला. मडगार्ड चाकाला घासू लागलं, ते नाल्यापर्यंत ऐकू येत होतं. मी मायला म्हटलं, "माय, तो पट्टी काढून देतो म्हणत होता." माय परात घासत होती. म्हणाली, "घासू दे."